एसी नवा, जागा मात्र जुनीच

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत दिसणारे हे दृश्य. बारा-पंधरा वर्षे राबलेला स्प्लिट एसी अखेर बंद पडला आहे. दुकानातून नवा, पाच तारे मिरवणारा इन्व्हर्टर एसी घरी आला आहे. तो घेण्याआधी घरात आठवडाभर चर्चा झाली. एक टन की दीड टन, कोणती कंपनी, वॉरंटी किती वर्षांची, हप्ता किती बसतो, आतले युनिट पलंगाच्या डोक्याशी लावायचे की पायाशी, सगळे बोलून झाले. मग मेकॅनिक येतो, खिडकीतून मान बाहेर काढून डक्टमध्ये डोकावतो आणि विचारतो, ‘‘आउटडोअर तिथेच लावू ना?’’ स्वयंपाकघरातून उत्तर येते, ‘‘हो हो, तिथेच.’’ पुढच्या दहा-बारा वर्षांचा निर्णय पाच सेकंदांत होतो. खरे तर तो कोणी घेतच नाही, तो होऊन जातो.

आतले युनिट डोळ्यांसमोर असते म्हणून त्याचा विचार होतो. पण एसीचे खरे कष्टाचे काम बाहेरच्या पेटीत चालते. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालतो तेव्हा खोलीतून साधारण पाच किलोवॉट उष्णता उपसली जाते. ती उपसायला दीड किलोवॉटच्या आसपास वीज लागते आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेरच्या पेटीतून साडेसहा किलोवॉटच्या घरात उष्णता ओकली जाते. बाथरूममधला गिझर बहुधा दोन किलोवॉटचा असतो. असे तीन गिझर एकदम चालू करावेत आणि त्यांनी पाण्याऐवजी हवा तापवावी, तसा हा प्रकार. पंख्याने बाहेर फेकलेली ही हवा आत घेतलेल्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम असते.

मोकळ्या जागेत ती विरून जाते. डक्टमध्ये ती जाणार कुठे? जुन्या इमारतींमध्ये डक्ट म्हणजे चार बाथरूमच्या मधली, सांडपाण्याच्या पाइपांनी भरलेली अरुंद विहीर. ती ठेवली गेली नळदुरुस्तीसाठी आणि बाथरूमच्या झरोक्यांसाठी. तिथे एसी टांगले जातील, हे नकाशा काढणाऱ्याच्या मनातही नसावे. पहिल्या मजल्यावरच्या युनिटने टाकलेली गरम हवा वर चढते, ती दुसऱ्या मजल्यावरचे युनिट आत घेते, आणखी तापवून वर पाठवते आणि सातव्या मजल्यावरच्या युनिटच्या वाट्याला सहा घरांची उष्णता येते. हाँगकाँगच्या उंच इमारतींमध्ये भिंतींच्या खोल खाचांत अशीच युनिटे एकावर एक लावलेली असतात. तिथल्या अभ्यासकांनी या खाचांमधली हवा वरच्या मजल्यांकडे कशी तापत जाते, हे पंचवीस वर्षांपूर्वीच गणिताने मांडून दाखवले आहे. आपल्याकडे हे गणित मांडायचीही गरज नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता सहाव्या मजल्याच्या बाथरूमचा झरोका उघडून हात बाहेर काढला, की पुरे.

आता त्या पाच ताऱ्यांचे काय होते ते पाहा. एसीची क्षमता प्रयोगशाळेत मोजताना बाहेरचे तापमान ३५ अंश धरलेले असते. शहरात ३५ आणि डक्टमध्ये ४२ असेल तर यंत्राला ती उष्णता अधिक वरच्या पातळीवर ढकलावी लागते. विहीर खोल झाली की पाणी उपसायला जास्त जोर लागतो, त्यातलाच हा प्रकार. बाहेरची हवा एक अंशाने गरम झाली की वीज साधारण दोन ते तीन टक्के जास्त लागते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. सहा अंशांचा फरक पडला तर पंधरा टक्के. उन्हाळ्याचे शंभर दिवस, रोज आठ तास, तासाला सरासरी एक युनिट, असा हिशेब धरला तर आठशे युनिटांवर वर्षाला एकशे वीस युनिटे केवळ जागा चुकली म्हणून जातात. युनिटला दहा रुपये धरले तर बाराशे रुपये. तीन आणि पाच ताऱ्यांमधल्या फरकासाठी दुकानात घासाघीस करणारे घर हे बाराशे रुपये दरवर्षी डक्टमध्ये टाकत राहते.

वीज हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा निदानाचा आहे. डक्टमधला एसी भर दुपारी नीट थंड करत नाही, रात्री अकरानंतर बरा चालतो. तक्रार केली की कुणीतरी येऊन सांगते, ‘‘गॅस कमी झालाय.’’ गॅस भरला जातो, दोन-अडीच हजार रुपये दिले जातात, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. एसीतला गॅस हा काही सिलिंडरमधला गॅस नव्हे, तो वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. गळती नसताना भरला तर तो जास्त होतो, नळ्यांमधला दाब वाढतो आणि आधीच तापलेला कॉम्प्रेसर आणखी तापतो. दुखणे जागेचे, औषध गॅसचे. अशा औषधोपचारात कितीतरी कॉम्प्रेसर वेळेआधी संपतात, आणि मग दोष कंपनीला दिला जातो.

जागा बदलायची म्हटली की पहिला आक्षेप येतो तो पाइपचा. तांब्याचे पाइप भिंतीत गाडलेले आहेत, वर पीओपी झाले आहे, रंग झाला आहे. ते फोडायचे कुणी? हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण एसी बदलताना तो टिकत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या बहुतेक एसींमध्ये आर-२२ हा गॅस होता. ओझोनचा थर विरळ करणारा म्हणून तो माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. आजच्या घरगुती एसींमध्ये बहुतांशी आर-३२ असतो. त्याचा नळीतला दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. दोन्हींसोबत कॉम्प्रेसरमध्ये वापरले जाणारे तेलही वेगळे. जुन्या पाइपच्या आतल्या बाजूला जुने तेल आणि काजळी चिकटून राहिलेली असते आणि नव्या तेलाशी तिचे जमत नाही. पाइपची जाडी नव्या दाबाला पुरेल का आणि भिंतीत कुठे सांधा दडला आहे का, हे बाहेरून दिसत नाही. नायट्रोजन सोडून जुना पाइप धुता येतो, पण नायट्रोजनचे सिलिंडर घेऊन येणारा मेकॅनिक दहात एखादा. तेव्हा पाइप बदलणेच शहाणपणाचे. आणि पाइप बदलायचाच असेल, भिंत फुटणारच असेल, तर बाहेरची पेटी सहा-आठ फूट सरकवायला जादा खर्च येतो तो फक्त तेवढ्या फुटांचा. एरवी जे काम अवाच्या सवा वाटते ते या एकाच दिवशी स्वस्त असते. दुसऱ्या दिवशी पीओपीवाला येऊन गेला की ती संधी पुन्हा दहा वर्षांनी.

पण वीज, गॅस, पाइप हे सगळे बाजूला ठेवले तरी जागा बदलण्याचे एक कारण उरतेच. ते म्हणजे खिडकीबाहेर गेलेला माणूस.

बाहेरचे युनिट पंचवीस ते पस्तीस किलोचे असते. ते चौथ्या मजल्यावरच्या डक्टमध्ये बसवायचे म्हणजे एक जण बाथरूमच्या झरोक्यातून अंग आकसून बाहेर पडतो. एक पाय सांडपाण्याच्या पाइपच्या क्लॅम्पवर, दुसरा समोरच्या भिंतीतून आलेल्या कुणाच्यातरी अँगलवर. कमरेला बांधलेली दोरी आत खिडकीच्या ग्रिलला, आणि ती ग्रिल ज्या चार स्क्रूंवर उभी आहे ते विसाव्या पावसाळ्यात गंजलेले. पुष्कळदा दोरीही नसते, आत उभ्या असलेल्या पोराने शर्टाची कॉलर धरलेली असते. तेवढ्यात घरातले कोणी चहा घेऊन येते आणि मनापासून म्हणते, ‘‘सांभाळून हं, दादा.’’ सांभाळायचे कसे, हे त्या दादालाही ठाऊक नसते.

हे एकदाच होत नाही. वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग, मधे एखादी गळती, पंख्याची मोटर, कपॅसिटर. दहा वर्षांत वीस-पंचवीस वेळा कोणीतरी त्या झरोक्यातून बाहेर जाणार. त्याला पैसे मिळतात ते कामागणिक. हंगामात दिवसाला जितकी कामे तितकी कमाई. त्यामुळे पट्टा लावण्यात, दोरी अडकवायला भक्कम जागा शोधण्यात गेलेली वीस मिनिटे त्याच्या खिशातून जातात. कंपन्या आपल्या अधिकृत मेकॅनिकांना असुरक्षित जागी काम करू नका, असे लेखी सांगतात. तो नकार देतो तेव्हा ग्राहक चिडतो आणि नाक्यावरच्या दुकानातून ‘करून देणारा’ माणूस आणतो. तो करून देतो. त्याच्या मागे ना कंपनी असते, ना विमा. या व्यवहारात सगळा दोष कंपन्यांवर किंवा मेकॅनिकच्या बेफिकिरीवर ढकलणे सोयीचे आहे. पण जागा घरमालकाने ठरवलेली असते, आणि तिथे पोहोचायला वाट नाही हे त्याला दिसत असते.

म्हणून नवी जागा निवडताना पहिला प्रश्न ‘पाइप किती लागेल’ हा नसावा. त्या युनिटपर्यंत माणूस दोन्ही पाय सपाट जमिनीवर किंवा लेजवर ठेवून पोहोचू शकतो का, हा असावा. खोलीच्या किंवा बाल्कनीच्या आतून हात लांबवला की पुढची जाळी, बाजूचे व्हॉल्व्ह आणि विजेचे टर्मिनल हाताशी यायला हवेत. या कसोटीला उतरणारी जागा बहुधा इतर कसोट्यांनाही उतरते, कारण माणूस उभा राहू शकेल अशा जागी हवा खेळायलाही वाव असतो. आणि सर्व्हिसिंग सोपे असेल तर ते होते. अवघड जागच्या युनिटची जाळी वर्षानुवर्षे धुतली जात नाही. ‘आउटडोअर साफ केला’ म्हणून बिलावर लिहिले जाते आणि खिडकीतूनच पाण्याचा एक फवारा मारला जातो.

बहुधा, पण नेहमी नव्हे. ड्राय बाल्कनीचे उदाहरण घ्या. पोहोचायला तिच्याइतकी सोपी जागा नाही. पण बहुतेक घरांनी ती सरकत्या काचा लावून बंद करून टाकलेली असते. त्या काचांच्या आत युनिट ठेवले की ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहते. वर तिथेच गॅस गिझर असेल तर आणखी एक धोका. आर-३२ हा सौम्य ज्वलनशील गटातला वायू आहे. मोकळ्यावर गळला तर पांगून जातो, कोंडलेल्या जागेत ज्योतीशेजारी तो साठू देणे हा वेडेपणा. काचा काढून तिथे ग्रिल ठेवायची तयारी असेल तर ड्राय बाल्कनीसारखी जागा नाही, नसेल तर तिचा नाद सोडावा. गच्चीचेही तसेच. वरच्या दोन मजल्यांना ती चांगली. खालच्यांनी तिथवर पाइप नेला तर लांबीमुळेच क्षमता घटते. किती मीटर लांबी आणि किती उंची चालेल, हे कंपनीच्या पुस्तिकेत छापलेले असते. बरोबर येणारा पाइप साधारण तीन मीटरचा असतो आणि त्यापुढे ठरावीक लांबीनंतर दर मीटरला काही ग्रॅम जादा गॅस वजन करून भरावा लागतो. अंदाजाने नव्हे, काट्यावर.

उन्हाचा मात्र लोकांनी फार धसका घेतलेला आहे. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येते म्हणून युनिट डक्टमध्येच बरे, असे सांगितले जाते. ऊन लागल्याने थोडा फरक पडतो, नाही असे नाही. पण त्या पेटीतून दर मिनिटाला तीस-चाळीस घनमीटर हवा वाहत असते, आणि ती हवा मोकळी मिळते की कोंडलेली, याच्यापुढे पत्र्यावर पडणाऱ्या उन्हाचे महत्त्व कमी. सावलीसाठी वर हातभर उंचीवर पत्रा लावावा. पेटीभोवती लाकडी जाळीचे शोभिवंत कपाट करू नये. नव्या टॉवरांमध्ये बिल्डरने एसीसाठी लेज दिलेले असते, ही सुधारणाच. पण इमारत बाहेरून देखणी दिसावी म्हणून त्यापुढे आडव्या पट्ट्या इतक्या दाट बसवलेल्या असतात की गरम हवा त्यांना आपटून मागे फिरते. त्या लेजकडे जाणारे दारही पुष्कळदा नसते. चाळीस मजली इमारतीचा आराखडा करणाऱ्यांना युनिटपर्यंत माणूस कसा जाणार, हा प्रश्न पडत नसेल तर घरमालकाला तरी बोल का लावावा?

रस्त्याच्या बाजूची भिंत ही हवेसाठी उत्तम आणि खालून जाणाऱ्यांसाठी सर्वांत धोक्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात दुसऱ्या मजल्यावरचे आउटडोअर युनिट कोसळून खाली स्कूटरवर बसलेल्या तरुणाचा मृत्यू झाला. कॅमेऱ्यात टिपले गेलेले ते दृश्य देशभर पाहिले गेले. दोन दिवस लोकांनी आपापल्या खिडकीखालचे ब्रॅकेट वाकून पाहिले असतील. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथल्या खाऱ्या हवेत रंग दिलेला साधा लोखंडी अँगल पाच-सात पावसाळ्यांत पोखरला जातो, आणि गंज सुरू होतो तो बरोबर भिंतीला चिकटलेल्या, न दिसणाऱ्या बाजूने. एसी बदलताना नवे युनिट त्याच अँगलवर ठेवले जाते. जास्त ताऱ्यांच्या एसींचे बाहेरचे युनिट जुन्यापेक्षा आकाराने मोठे असू शकते आणि त्याच्या पायांची भोके जुन्या अँगलशी जुळत नाहीत. मग चारऐवजी दोनच बोल्ट लागतात आणि उरलेले दोन ‘नंतर बसवतो’ या खात्यात जातात. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत बाहेरचे युनिट बसवायला प्रशिक्षित आणि नोंदणी झालेलाच माणूस लागतो, आणि आधाराचे ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचे. कोकणपट्टीच्या शहरांनी निदान ही दुसरी अट उचलायला हरकत नव्हती. सगळ्या एसीच्या खर्चात स्टेनलेस ब्रॅकेटचे पैसे कुठे दिसणारही नाहीत.

राहता राहिला समोरचा शेजारी. डक्टमधून काढलेले युनिट आपल्या खिडकीखाली आणि त्याच्या खिडकीसमोर आले तर प्रश्न सुटला नाही, फक्त सरकला. बाहेरच्या युनिटचा आवाज मीटरभर अंतरावर पन्नास-पंचावन्न डेसिबलच्या आसपास असतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २००९ मध्ये सुचवलेली रात्रीची पातळी तर ४० डेसिबलची आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, समोरासमोर भिंती असल्या की इतका उतरत नाही. त्यातही त्रास होतो तो आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या घरघरीचा. ब्रॅकेट भिंतीला घट्ट आवळलेले आणि मधे रबराच्या गाद्या नसल्या की ती घरघर भिंतीतून शेजाऱ्याच्या उशीपर्यंत पोहोचते. झोपमोड झालेला माणूस सकाळी कारण सांगू शकत नाही, नुसता चिडचिडा होतो. वीस-तीस रुपयांच्या रबराच्या चार गाद्यांनी बराच फरक पडतो.

आणि शेजाऱ्याकडे एसी नसेल तर? ज्याच्याकडे एसी आहे तो खिडक्या बंद करून झोपतो, त्यामुळे त्याला ना स्वतःच्या यंत्राचा आवाज येतो ना त्याची झळ लागते. ज्याच्याकडे नाही त्याच्या खिडक्या उघड्या असतात. दुसऱ्याच्या खोलीतून उपसलेली उष्णता आणि यंत्राची घरघर दोन्ही त्याच्या वाट्याला येतात. खिडकी लावून घ्यावी तर घुसमट. उष्णतेच्या लाटेत शरीराला सावरायला थंड रात्र लागते, आणि नेमकी रात्रच एसी तापवतात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचा संगणकीय अभ्यास अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे शहराच्या काही भागांत रात्रीचे तापमान एक अंशाहून अधिक वाढते, असे त्यात दिसले. ते ऐसपैस रस्त्यांचे शहर आहे. गिरगावातल्या चाळीच्या सामाईक गॅलरीत डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या युनिटसमोरून जाणाऱ्या बाईला किती अंशांचा झोत लागतो, हे मोजायला संगणक नको. गॅलरी सामाईक, झोत मात्र खासगी मालकीचा. हे चालू देणाऱ्या चाळ कमिट्यांनी निदान युनिट छताजवळ चढवून झोत बाहेरच्या बाजूला वळवण्याची अट घालायला हवी.

सोसायट्यांकडे अधिकार नाहीत असे नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत बदल करताना समितीची परवानगी लागते, आणि इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही करता येत नाही. पण हा अधिकार वापरला जातो तो बहुधा दर्शनी भागाच्या सौंदर्यासाठी. ‘समोरून युनिट दिसता कामा नये’ असा ठराव कितीतरी सोसायट्यांनी केला आहे. त्या एका ओळीने किती मेकॅनिकांना डक्टमध्ये उतरवले असेल, याचा विचार ठराव मांडणाऱ्याने केला नव्हता. याऐवजी प्रत्येक फ्लॅटसाठी आतून पोहोचता येईल अशी जागा आराखड्यावर ठरवून द्यावी. गच्चीच्या कठड्यात पट्टा अडकवायला काँक्रीटमध्ये रोवलेली भक्कम कडी बसवावी. आणि डक्ट नव्या युनिटांसाठी बंद म्हणून जाहीर करावा. जुनी युनिटे बदलतील तशी बाहेर येतील. हे काम एका सर्वसाधारण सभेत होण्यासारखे आहे, पार्किंगचा विषय त्याच दिवशी घेतला नाही तर.

दोन खोल्यांच्या, दोनच बाहेरच्या खिडक्या असलेल्या घरात हे सगळे जमणार कसे, हा प्रश्न रास्त आहे. काही घरांना खरोखरच डक्टशिवाय जागा नसते. अशा घरांनी विंडो एसीचा विचार करायला लाज वाटू देऊ नये. तो आवाज करतो, खिडकी अडवतो, दिवाणखान्याला शोभत नाही, सगळे मान्य. पण त्याची उष्णता थेट मोकळ्यावर जाते आणि दुरुस्तीसाठी तो खोलीत उभे राहून आत ओढून घेता येतो. कोणाला खिडकीबाहेर लटकावे लागत नाही. स्प्लिट हाच आधुनिक आणि विंडो म्हणजे मागास, ही समजूत जाहिरातींनी केलेली आहे.

जागा बदलायचे ठरले की त्या दिवशी घरातल्या कोणीतरी एक तास मेकॅनिकसोबत काढावा. जुने युनिट काढताना पाइप नुसता कापून गॅस हवेत सोडला जातो, तो ‘फुस्स’ आवाज अनेकांनी ऐकलेला असेल. एक किलो आर-२२ हवेत सोडणे हवामानबदलाच्या हिशेबात सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतके, म्हणजे जवळजवळ आठशे लिटर पेट्रोल जाळण्याइतके आहे. कॉम्प्रेसर चालू असेल तर तो गॅस आधी बाहेरच्या पेटीत ओढून बंद करता येतो. तो ओढताना व्हॉल्व्ह बंद झाल्यावर यंत्र लगेच थांबवावे लागते. गळक्या नळीतून हवा आत शिरली आणि कॉम्प्रेसर तसाच चालत राहिला तर तो फुटू शकतो. म्हणून हे काम जाणत्या माणसाचे. नवा पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. पंप आणलेला नसेल तर थोडा गॅस सोडून हवा ‘हाकलली’ जाते. ओल आतच राहते आणि दोन वर्षांनी कॉम्प्रेसर खाते. पंप पाहिल्याशिवाय काम सुरू करू द्यायचे नाही, एवढा एक हट्ट धरला तरी बरेच काही साधते. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण द्यायचे ठरले होते. कामाला आलेल्या माणसाकडे तसे प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. असेल तर तो ते अभिमानाने दाखवतो.

युनिटच्या मागे वीतभर आणि पुढे किमान दोन-तीन फूट मोकळे ठेवावे. मागच्या फटीत कबुतरे घरटे करतात. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढे रान उठले, पण घरोघरी एसीमागे भरलेले छोटे कबुतरखाने कुणाच्या खिजगणतीत नाहीत. त्या विष्ठेची भुकटी श्वासातून सतत गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. बाजूंना मोठ्या छिद्रांची जाळी लावावी, समोर मात्र काही नको.

आणि डक्टमधला जुना अँगल त्याच दिवशी काढून घ्यावा. नवे युनिट दुसरीकडे चालू झाले, थंड हवा आली, पैसे देऊन झाले, की त्या अँगलची आठवण कोणाला राहत नाही. तो तिथेच राहतो, खालच्या मजल्याच्या नळदुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर, दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटत. काढल्यावर भिंतीतली चार भोके सिमेंटने बुजवायची आहेत, नाही तर जूनमध्ये ओल आत येईल. मेकॅनिक त्यासाठी शेवटचा एकदा झरोक्यातून बाहेर जाणार आहे. त्याच्यासाठी गच्चीवरून नीट दोर सोडायला सांगावे, ग्रिलला बांधू देऊ नये.